मदत हवी आहे: नवीन कॉम्प्युटरवर मराठी फायली वाचता येत नाहीत (अर्जंट)

मुलुंडची_ताई: सोसायटीत नवीन कॉम्प्युटर आलाय, जुन्या फायली पेनड्राइव्हवरून टाकल्या तर मराठीच गायब, नुसती इंग्रजी अक्षरं. रविवारी एजीएम आहे, आज प्रिंट हवीच. व्हायरस असेल का? लवकर सांगा.

चाळकरी: फॉन्ट कुठला?

मुलुंडची_ताई: मराठी.

चाळकरी: अहो तसं नाही, श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम, यातलं काय? टाइप कोण करायचं?

मुलुंडची_ताई: आधीचे सेक्रेटरी. ते फोन उचलत नाहीत.

पेंग्विनप्रेमी: विंडोज काढा, लिनक्स टाका. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही.

गिरगावचा_टायपिस्ट: लिनक्स टाकून फॉन्ट येणारे का? ताई, एखादी नोटीस उघडा, डोक्यावर काय दिसतंय ते अक्षर न् अक्षर सांगा.

मुलुंडची_ताई: एल डब्ल्यू पी यू के. सगळी स्मॉल.

गिरगावचा_टायपिस्ट: म्हणजे 'सूचना'. कृतिदेव आहे, व्हायरस वगैरे काही नाही. फायलीत इंग्रजीचेच कोड असतात, फॉन्ट त्यांना मराठी दाखवतो, तो नवीन मशीनवर नाहीये एवढंच. जुन्या कॉम्प्युटरवर सी ड्राइव्ह, विंडोज, त्यात फॉन्ट्स, तिथून कृतिदेव कॉपी करा, नवीनवर राइट क्लिक करून इन्स्टॉल, मग वर्ड बंद करून परत उघडा.

युनिकोडच_हवं: अजून कृतिदेव? कन्व्हर्टरने सगळं युनिकोड करून टाका, त्यात मराठी अक्षरांचे स्वतःचे कोड असतात, कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतं. पुढचं टायपिंग पण त्यातच. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड असतो.

गिरगावचा_टायपिस्ट: करू देत की, रविवारनंतर. कन्व्हर्टर कधीकधी रफार आणि पहिली वेलांटी भलतीकडेच टाकतो, थकबाकीच्या यादीतली नावं आज तपासत कोण बसणार?

वरळीकर: एजीएमची नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते. उपविधी वाचा. आज प्रिंट काढून उपयोग काय?

मुलुंडची_ताई: नोटीस कधीच लागली बोर्डावर, मला मागचं इतिवृत्त हवंय! आणि जुना कॉम्प्युटर एक्स्चेंजमध्ये गेला.

चाळकरी: हे आधी सांगायचं ना.

गिरगावचा_टायपिस्ट: मग जवळच्या टायपिंग-झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह न्या, कृतिदेव बहुतेक असतोच. प्रिंट घ्या आणि पीडीएफपण करून आणा, त्यात फॉन्ट आतच बसतो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तरी मेंबरांना मराठीच दिसेल. वर्डची फाइल पाठवू नका.

युनिकोडच_हवं: पुढच्या एजीएमला हाच धागा परत निघणार.

मुलुंडची_ताई: स्टेशनजवळच्याकडे आहे म्हणतोय, कृतिदेव ०१०. तोच ना?

गिरगावचा_टायपिस्ट: तोच. जा लगेच.

वरळीकर: एक्स्चेंजला किती दिले हो? माझा जुना लॅमिंग्टन रोडला कोणी हातात धरेना.