अनुभव धागा : न कमावलेले काही तुमच्या वाट्याला आले आहे का?

कृपा ही कमाई नसून देणगी आहे, हे आपण ख्रिस्ती घरांत लहानपणापासून ऐकतो. परंतु ती प्रत्यक्ष कोणाच्या हातून मिळाली, हे फारसे कोणी सांगत नाही. इंदूरच्या मराठी ख्रिस्ती वाचकांनी, ते कोणत्याही पंथाचे असोत, आपले अनुभव येथे लिहावेत. सिद्धांतचर्चा कृपया टाळावी.

लोकमान्यनगर
विवाहानंतर मी नगरहून येथे आले तेव्हा उपासना हिंदीतून होते हे ठाऊक होते. मात्र प्रभूची प्रार्थनाही मनात मराठीत आणि ओठांवर हिंदीत अशी अडखळत म्हणावी लागेल, याची कल्पना नव्हती. माहेरी रेव्हरंड टिळकांची भजने पेटीवर गायली जात. येथे मी मागच्या बाकावर बसून आशीर्वचन होताच निघून जात असे. एका नाताळाच्या तयारीत मराठीचा गंधही नसलेल्या एका वयस्क बाईंनी माझ्याकडून त्यांतलेच एक भजन लिहून घेतले आणि महिला मंडळाकडून बसवून घेतले. प्रत्येक ‘ळ’चा ‘ल’ झाला, हे नमूद करायलाच हवे. पण तेव्हापासून मी त्या मंडळीची, म्हणजे तिथल्या चर्चच्या परिवाराची, ‘बहू’ झाले.

सुदामानगर
येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला, म्हणजे बोधकथा, मला पुष्कळ वर्षे खटकत असे. दिवसभर उन्हात राबलेल्याला एक दीनार आणि अखेरच्या तासाला आलेल्यालाही तेवढाच, हे बँकेत हयात घालवलेल्या माणसाला पटणे कठीण होते. मंडळीचा हिशेबही मीच ठेवत असे आणि वर्गणी न देता केवळ ईस्टरला उगवणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नव्हते. पुढे पक्षाघाताने उजवा हात गेला, वह्या दुसऱ्याकडे गेल्या आणि मंडळीला देण्याजोगे माझ्याकडे काही उरले नाही. तेव्हा रुग्णालयात रात्री थांबणाऱ्यांत त्या ईस्टरवाल्यांपैकीच एक तरुण होता. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, घरी येऊन प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर व द्राक्षरस) दिले; भाकरीचा तुकडाही त्यांनाच भरवावा लागला. सायंकाळी पाच वाजता मळ्यात शिरलेला मजूर मीच होतो. दाखला हिशेबात अजूनही बसत नाही, परंतु माझी तक्रार नाही.

नंदानगर
माझा बाप्तिस्मा अद्याप झालेला नाही आणि पाळक घाई करत नाहीत. मंडळीच्या नोंदवहीत नाव नसले, तरी प्रीतिभोजनाच्या पुऱ्या लाटणाऱ्यांच्या यादीत ते आहे.

रामबाग
माझ्या मते कृपा स्वीकारणे सोपे, दया करणे कठीण. कर्जात अडकलेल्या आदिवासी शेतमजुरांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरकडे येताना हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, ज्या स्वतःही सिस्टर आहेत, 2002 मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबाने क्षमा करून रदबदली केल्यावर 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात राणी मारियांना ‘धन्य’ (कॅथलिक परंपरेत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, तेव्हा मी गर्दीत होतो आणि डोक्यात सख्ख्या भावाशी चाललेला घराचा दावा होता. तो मी मागे घेतला, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. दावा चालूच आहे. मात्र तारखेला आम्ही दोघे आता एकाच रिक्षातून जातो आणि भाडे कोणी द्यायचे यावर भांडतो.