गेमचा डबा की डाउनलोड? तुमचे अनुभव लिहा

दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून बुटांचा एक खोका खाली आला, त्यात माझे कॉलेजच्या काळातले ओरिजिनल पीसी गेम, डीव्हीडी, मॅन्युअल, सिरीयल कीचे स्टिकर, सगळं जागच्या जागी. बायको म्हणाली उद्या भंगारवाला येतोय, काय ते ठरव. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, आणि यातले निम्मे गेम मी सेलमध्ये परत घेऊन बसलोय. म्हणून विचारतो, तुम्ही डिस्क घ्यायचात की सरळ डाउनलोड? आणि ते कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे चोरीची कॉपी चालू नये म्हणून गेमला घातलेलं कुलूप, तुम्हाला कुठे नडलं? फुटपाथवरच्या पन्नास रुपयेवाल्या सीड्यांचे किस्से सगळ्यांकडेच आहेत, ते नकोत. पैसे मोजून घेतलेल्यांचेच सांगा.

डोंबिवली फास्ट लोडिंग
मोजले पैसे, आणि तेच नडलं. गेम हार्डडिस्कवर अख्खा इन्स्टॉल झालेला असला तरी सुरू करताना डिस्क आत लागायचीच, ड्राइव्ह पिठाच्या गिरणीसारखा घुंss करायचा, आपण श्वास रोखून, आणि मग पाटी यायची, ओरिजिनल डिस्क टाका. अहो ओरिजिनलच आहे! मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात उन्हात तासभर फिरून आणलीये. धाकट्या भावाने डिस्क टेबलावर उपडी ठेवली होती त्याचे चरे. मग कुणीतरी सांगितलं म्हणून कापसाच्या बोळ्यावर पांढरी टूथपेस्ट घेऊन (जेलवाली चालत नाही) मधून कडेकडे हळूहळू चोळली, धुतली, बनियनने पुसली, की चार दिवस चालायची. वर्गातल्या चोरीच्या कॉपीवाल्या मित्राला यातलं काहीच करावं लागत नव्हतं. डिस्क नाही, पेस्ट नाही, डबल क्लिक केलं की गेम चालू.

जुना_एक्सपी
टूथपेस्ट 😂 आमच्याकडे पण. पण ज्यांनी डिस्क एकही चरा न पडता जपल्या त्यांचं तरी काय झालं? सेफडिस्क नावाचं प्रोटेक्शन होतं, डिस्कवर मुद्दाम खराब सेक्टर टाकलेले असायचे जे साध्या कॉपीत उतरत नसत, आणि ते तपासायला विंडोजमध्ये secdrv.sys, म्हणजे एक ड्रायव्हर लागायचा. तो ड्रायव्हर सुरक्षेला धोका म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० मधून काढूनच टाकला, आणि जुन्या विंडोजवर त्याच सप्टेंबरच्या अपडेटने बंद केला. कुलूपही आहे, किल्लीही आहे, दाराची चौकटच नेली. माझ्याकडे असे चार गेम आहेत, त्यांच्यासाठी विंडोज एक्सपीचा जुना पीसी कोपऱ्यात ठेवलाय, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चालू करतो, नाहीतर दमट हवेने जाईल.

नाशिकची_वाइन
माझं दुखणं वेगळं. एका गेमला तीनदाच ऍक्टिव्हेशन, म्हणजे इन्स्टॉल केल्यावर कंपनीकडून नेटवरून चालू करून घ्यायची मुभा तीनदाच. २००८ च्या स्पोअर या गेमवरून याच्यासाठी जगभर बोंबाबोंब झाली, शेवटी तीनाचे पाच केले, ते वाचलं असेल तुम्ही. माझा गेम दुसरा होता पण तऱ्हा तीच. आता हा नियम ठरवणाऱ्याला आपल्याकडची रीत माहीतच नसणार, पेनड्राइव्हमधून व्हायरस आला, मार फॉरमॅट, पीसी स्लो झाला, मार फॉरमॅट, लाइट जाऊन हार्डडिस्क गेली, नवी टाक आणि परत फॉरमॅट. दहा महिन्यात तिन्ही संपले. मेल केला तर बिलाचा फोटो मागितला, दुकानदाराने बिल दिलंय कधी? "बिल हवं तर टॅक्स लागेल" म्हणाला होता. डबा अजून शोकेसमध्ये आहे.

सांगलीकर
मी डिस्कच्या बाजूने. २०१५ ला जीटीए ५ आला तेव्हा आमच्या घरी २ एमबीपीएसचं नेट, रात्री २ ते सकाळी ८ फुकट. गेम साधारण ६० जीबी. हिशोब करा, अकरा रात्री! त्यापेक्षा डब्यातल्या सात डीव्हीडी. एकामागून एक घालत बसलो, मध्ये जेवण झालं, आई म्हणाली इतक्या तबकड्या लावून शेवटी एकच गाणं का? ऍक्टिव्हेशन ऑनलाइनच होतं, वर अपडेट होतेच, पण ते दोन रात्रीत उरकलं.

जुना_एक्सपी
@सांगलीकर तुम्हाला सात तरी मिळाल्या. त्याच वर्षी मेटल गिअर सॉलिड ५ च्या पीसी डब्यात एकच डिस्क, आणि तिच्यावर काही एमबीचा स्टीमचा, म्हणजे नेटवरच्या गेमच्या दुकानाचा, इन्स्टॉलर. बाकी अख्खा गेम करा डाउनलोड.

म्युनिकहून
मी सरळ डाउनलोडवाला, शिव्या घाला. बदली, नोकरी, परत बदली, सात घरं बदलली, डबे आईने कधी कुणाला दिले मला माहीतही नाही. लायब्ररी मात्र लॉगिन केलं की समोर. २०१५ च्या नोव्हेंबरात स्टीमवर रुपयात किमती आल्या तेव्हापासून तर डब्याचा विचारच सोडला. १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत, हे कुठला दुकानदार देतो? सील फोडलं की विषय संपला. एक मात्र खटकतं. नियमाप्रमाणे अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणजे ४०० गेम मुलीला देऊ शकत नाही. तिला नकोच आहेत म्हणा, ती टॅबवर खेळते.

नाशिकची_वाइन
आणि सर्व्हर बंद केला तर? द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम बघा, सर्व्हरशिवाय चालतच नव्हता. ३१ मार्च २०२४ ला बंद, डिस्कवाले आणि डाउनलोडवाले एकाच पंगतीत उपाशी. त्यावरूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने विकलेले गेम असे बंद पाडू नका म्हणून ती स्टॉप किलिंग गेम्सची मोहीम काढली, तिला युरोपात २०२५ च्या जुलैत दहा लाख सह्या पार झाल्या. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, विकताना सांगा की हे लायसन्स आहे, मालकी नाही.

कोकणी_मोडेम
मग जीओजी या साइटवरून घ्या की! प्रोटेक्शनच नाही. इन्स्टॉलर उतरवायचा, हार्डडिस्कवर टाकायचा, नेट काढून चालवून बघायचं. मी दोन डिस्कवर ठेवतो, एक इथे, एक गावी कपाटात साड्यांच्या खाली. विचर ३ चा मात्र डबाच घेतला होता, चार डीव्हीडी, नकाशा, गाण्यांची सीडी, आणि डिस्क आत ठेवायची कटकट नाही. असा डबा असेल तर आजही घेईन. नकाशा लॅमिनेट करून भिंतीवर लावलाय, पाहुणे विचारतात हे कुठलं राज्य.

डोंबिवली फास्ट लोडिंग
धागाकर्ते, यूएसबीला लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो हजार-बाराशेत. भंगारात देऊ नका हो.

धागाकर्ता
नाही दिलं. आज जुना पीसीच खाली काढला, ड्राइव्हचा ट्रे अडकला होता, पुढच्या बारीक भोकात यू-पिन सरळ करून खुपसली तर बाहेर आला. आत आमच्या लग्नाची सीडी. बायको अकरा वर्षं शोधत होती. आता खोक्याचा विषय दोन दिवस तरी निघणार नाही.