आयरेसिंगमधील टक्कर: दोष कोणाचा हे न पाहता दोघांनाही दंडगुण देणे योग्य आहे का?

मधला गिअर (धागाकर्ता)
२००८ पासून सुरू असलेल्या आयरेसिंग या ऑनलाइन कार-शर्यतीच्या संगणकीय खेळात गाडी ट्रॅकबाहेर गेली तर १, ताबा सुटला तर २ आणि दुसऱ्या गाडीशी जोरदार टक्कर झाली तर ४ इन्सिडंट पॉइंट, म्हणजे दंडाचे गुण, आपल्या नावावर चढतात. टकरीत चूक कोणाची हे मात्र पाहिले जात नाही, त्यामुळे ज्याला मागून ठोकले त्यालाही ठोकणाऱ्याइतकेच गुण मिळतात. याच गुणांवरून सेफ्टी रेटिंग ठरते आणि रेटिंगवरून खेळातील परवान्याची पायरी.

माझी अडचण अंतराची आहे. पुण्याहून युरोपातील सर्व्हरवर खेळताना माझा पिंग, म्हणजे माहिती सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, १५० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. ज्याचा पिंग २० आहे अशा स्पर्धकाच्या गाडीची माहिती माझ्यापर्यंत पोहोचायला त्यामुळे सुमारे ८५ मिलिसेकंद लागतात, आणि ताशी २०० किलोमीटर वेगाने तेवढ्या अवधीत गाडी पावणेपाच मीटर पुढे गेलेली असते. म्हणून सुचवतो की टक्कर नोंदवताना दोघांमधील विलंब विचारात घ्यावा आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर गुण देऊच नयेत.

मागचा आरसा
आपले पावणेपाच मीटर कागदावर बरोबर आहेत, पण पडद्यावर तेवढा फरक पडत नाही. समोरच्या गाडीची शेवटची जागा, वेग आणि दिशा यांवरून ती आत्ता कुठे असेल याचा अंदाज बांधूनच आपल्याला ती दाखवली जाते. चूक होते ती फक्त त्या ८५ मिलिसेकंदांत तिने वेग किंवा दिशा बदलली तर. जीटी३ वर्गातील शर्यतीच्या गाडीचा जोरदार ब्रेक गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदाला सुमारे १५ मीटरने कमी करणारा धरला, तरी अंदाज चुकतो तो पाच-साडेपाच सेंटिमीटरने. एवढ्या फरकाने जो धडकतो, तो मुळातच फार जवळ गेलेला असतो.

दोष न पाहण्याचा नियम मला म्हणूनच पटतो. तो जागा सोडून चालवायला शिकवतो. मुद्दाम ठोकणाऱ्याविरुद्ध रिप्ले जोडून तक्रार करता येते आणि तिथे निर्णय माणूस देतो, हेच बरे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. अशा तक्रारींपैकी बऱ्याचशा नेटवर्कच्या नसून फील्ड ऑफ व्ह्यूच्या, म्हणजे पडद्यावर किती रुंद कोनातले दृश्य दाखवायचे या सेटिंगच्या, असतात, असा माझा अनुभव आहे. २७ इंची पडदा डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर योग्य कोन ५३ अंशांच्या आसपास येतो. तो ९० वर ठेवला की पुढची गाडी आहे त्यापेक्षा लांब भासते आणि ब्रेक उशिरा दाबला जातो.

ओला ट्रॅक
आपले गणित मान्य आहे, पण ते माहिती अखंड येत राहते असे गृहीत धरते. मध्येच ३०० मिलिसेकंद काहीच आले नाही, तर त्याच सूत्राने चूक ६७ सेंटिमीटरवर जाते. दोन गाड्या शेजारी-शेजारी वळणात असताना एवढा फरक झाला की माझ्या पडद्यावर न टेकलेली गाडी त्याच्या पडद्यावर टेकते. तेव्हा खरा शत्रू विलंब नसून त्यातील चढउतार आहे. स्थिर १५० पिंग हा ४० ते २०० मध्ये हेलकावणाऱ्या पिंगपेक्षा केव्हाही चांगला. म्हणून पहिला उपाय म्हणजे वाय-फाय सोडून राउटरला थेट केबल जोडणे, आणि शर्यतीच्या वेळी घरातील बाकीची डाउनलोड थांबवणे.

मधला गिअर
सेंटिमीटरचा मुद्दा मला पटला, मर्यादेची सूचना मागे घेतो. फील्ड ऑफ व्ह्यूसुद्धा तपासला, तो ७८ निघाला. त्याविषयी अधिक न बोललेलेच बरे. पण मग नियम असा करावा: टकरीच्या क्षणी ज्याची माहिती खंडित झाली असेल, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला गुण लावू नयेत. कोणाकडून माहिती वेळेत आली नाही याची नोंद सर्व्हरला ठेवता येते, तिथे दोषाचा निवाडा करण्याचा प्रश्नच नाही.

मागचा आरसा
पहिल्या सूचनेपेक्षा ही बरी, कारण त्या सूचनेत मुद्दाम इंटरनेटची लाइन तोडणाऱ्यालाच सूट मिळाली असती. तरीही विरोध कायम आहे. माहिती खंडित असलेली गाडी पडद्यावर उड्या मारताना दिसते. ती दिसूनही जो तिच्या शेजारी वळणात शिरतो, त्याला गुण माफ करायचे का?

ओला ट्रॅक
आणि कोकणातल्या माझ्यासारख्याचे काय? पावसाळ्यात केबल जोडलेली असूनही लाइन डळमळते. मला माझे ४ गुण मिळणारच, वर समोरचा सुटणार हे ठाऊक असल्याने तो मला जागाही देणार नाही.

मधला गिअर
तशा दिवशी आपण सर्वांत मागून सुरुवात करावी असे मी म्हणेन. हे आपल्याला अन्यायाचे वाटेल, पण आज तो अन्याय आपल्या शेजारून जाणाऱ्यावर होतो आहे.