सासऱ्यांचं जुनं कोल्ट पोलीस रिव्हॉल्व्हर, किंमत कशी काढायची?

मुक्ता_पिट्सबर्ग
नमस्कार मंडळी, मी पिट्सबर्गजवळ राहते, नवरा इथलाच आहे. सासरे पोलिसात होते, गेल्या वर्षी वारले. आता सासूबाईंनी कपाटातून त्यांचं रिव्हॉल्व्हर काढलंय. दोन मुलांपैकी एकाने ते ठेवावं आणि दुसऱ्याला त्याच्या वाटणीचे पैसे द्यावेत असं त्यांचं म्हणणं आहे, म्हणून खरी किंमत कळायला हवी, नाहीतर उगाच भावाभावात मनं दुखावतील.
नळीच्या डाव्या बाजूला ऑफिशियल पोलीस आणि .३८ स्पेशल असं लिहिलंय, बाजूला कोल्ट कंपनीचं चिन्ह, तो उधळलेला घोडा आहे. मुठीच्या मागच्या पट्टीवर खात्याची अक्षरं आणि एक नंबर कोरलाय. नळीच्या टोकाशी रंग उडालाय, सिलिंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या भागाच्या) कडा पांढऱ्या पडल्यात. मूठ तपकिरी प्लास्टिकची आहे, ती नंतर बदललीय का तेही कळत नाही. इथला एक दुकानदार दोनशे डॉलर म्हणाला, आणि वर म्हणे पॉलिश करून आणलंत तर जास्त देईन. नेटवर कोल्ट शोधलं तर तीन तीन हजार दिसतात. मधलं खरं काय?
(नवऱ्याने उघडून बघितलंय, आत गोळ्या नाहीत.)

जुनं_लोखंड
मुक्ताताई, सगळ्यात आधी, पॉलिश अजिबात करू नका! ब्रासो नाही, स्टील वूल नाही, काही नाही. संग्राहक पैसे देतो ते कारखान्यातून आलेल्या मूळ निळ्या-काळ्या फिनिशला, ते एकदा घासलं की परत येत नाही, आणि नवं ब्ल्यूइंग (तसाच निळा-काळा रंग पुन्हा चढवणं) कितीही छान केलं तरी जाणकाराला पटकन ओळखू येतं, अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा गोल होतात. चांगल्या मूळ पिसची किंमत त्याने निम्म्यावर येऊ शकते. तुम्ही सांगताय तशी नळीच्या टोकाची आणि सिलिंडरच्या कडांची झीज म्हणजे रोज चामड्याच्या होल्स्टरमधून आत-बाहेर केल्याची, पोलिसाच्या हत्यारावर ती असायचीच. त्याने फार बिघडत नाही, उलट ते खरंच ड्युटीवर होतं हे दिसतं.

तीन हजारवाले बहुतेक पायथन असणार. तेही कोल्टचंच, १९५५ मध्ये आलं, पण त्याचा बाजार वेगळा. ऑफिशियल पोलीस १९२७ ते १९६९ बनत होतं, त्याआधी हेच मॉडेल आर्मी स्पेशल नावाने विकलं जायचं. लाखोंनी बनलंय त्यामुळे दुर्मिळ म्हणता येणार नाही, पण माल उत्तम, हाताने घासून बसवलेले भाग. आणि तुमची प्लास्टिकची मूठ बदललेली असेलच असं धरू नका. युद्धानंतर काही वर्षं कोल्टने स्वतःच तपकिरी प्लास्टिकच्या मुठी लावल्या, त्याला कोल्टवुड म्हणतात, नंतर पुन्हा अक्रोडाच्या आल्या. ती मूळ निघाली तर बनावटीचा काळही कळेल, म्हणून हौसेने लाकडाची लावू नका.

आता बघायचं काय ते सांगतो. सिलिंडर बाहेर काढा (कोल्टचा लॅच, म्हणजे सिलिंडर सोडवायची खिट्टी, मागे ओढायचा असतो, स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या कंपनीचा पुढे ढकलतात). ज्या दांड्यावर सिलिंडर फिरून बाहेर येतो त्यावर एक नंबर असेल आणि फ्रेमवर त्याच्या खाचेत एक, दोन्ही जुळायला हवेत. मग सिलिंडर परत आत बसवून घोडा (हॅमर, गोळीवर आपटणारा मागचा भाग) अगदी सावकाश मागे ओढायचा आणि पूर्ण मागे जाऊन अडकेपर्यंत सिलिंडर जागेवर कुलूप बसल्यासारखा टक्क बसतोय का बघायचं. बसत नसेल तर टायमिंग गेलंय. जुन्या कोल्टचा हा नेहमीचा रोग, आणि ते नीट करणारे गनस्मिथ आता मोजकेच उरलेत, म्हणून त्याचे पैसे गिऱ्हाईक आधीच कापतं. हे सगळं रिकाम्या हत्यारावर, नळी सुरक्षित दिशेला धरून, आणि जमत नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या. नळीतून उजेड धरून बघा, आत खड्डे आहेत का.

सुहास_ह्यूस्टन
वरचं सगळं बरोबर. एक जोडतो, साइटवर लोक काय मागतात ते बघू नका, प्रत्यक्षात काय भावाला विकलं गेलं ते बघा. लिलावाच्या साइटवर संपलेल्या लिलावांची वेगळी यादी असते, त्यात त्याच लांबीच्या नळीचे, तशाच झिजेचे आठ-दहा शोधून मधला भाव धरा.
आणि कायद्याचं. पेनसिल्व्हेनियात आई-मुलगा, नवरा-बायको, आजी-नातू असं थेट देता येतं, पण भावाभावात तसं चालत नाही, तिथे परवानाधारक डीलर नाहीतर शेरीफच्या ऑफिसमधून करावं लागतं. म्हणजे आईने ज्याला द्यायचं त्यालाच सरळ द्यावं, आधी एकाकडे मग दुसऱ्याकडे असं नको. तुमचं स्वतःचं ग्रीन कार्ड झालंय ना? एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्याला साधारणपणे हत्यार जवळ बाळगता येत नाही, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर. हे आपल्या लोकांना माहीतच नसतं.

करवीरकर
इकडे भारतात गणितच वेगळं आहे म्हणून लिहितो. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाली, त्यामुळे बाहेरच्या जुन्या मालाला लाखांत भाव येतो, मूळ फिनिश वगैरे कुणी फारसं विचारत नाही, चालतंय का आणि कागद साफ आहेत का एवढंच. लायसन्सवाला माणूस गेला की वारसाने हत्यार पोलीस ठाण्यात नाहीतर डीलरकडे जमा करून स्वतःच्या लायसन्सचा अर्ज करायचा. तुमच्याकडे निदान सासूबाईंना घरात बसून विचार करता येतोय.

मुक्ता_पिट्सबर्ग
सगळ्यांचे खूप खूप आभार. ग्रीन कार्ड झालंय. नंबर जुळतात, टायमिंगही ठीक वाटतंय असं नवरा म्हणाला. ते होल्स्टरमध्येच ठेवलेलं होतं. सासूबाईंकडे सासऱ्यांचा युनिफॉर्ममधला फोटो, बॅज आणि रिटायर होताना खात्याने दिलेलं एक पत्र आहे, त्यात रिव्हॉल्व्हरचा नंबर टाईप केलाय.

जुनं_लोखंड
ताई, ते पत्र सोन्यासारखं जपा!! एक म्हणजे खात्याने ते त्यांना रीतसर दिलं, ते खात्याची मालमत्ता राहिलेलं नाही याचा तो पुरावा. दुसरं म्हणजे हे अमुक अधिकाऱ्याचं हत्यार असं नुसतं तोंडी सांगितलं तर कुणी एक डॉलर जास्त देत नाही, पण नंबर लिहिलेला कागद, त्याच माणसाचा फोटो आणि बॅज सोबत असेल तर तो संच होतो आणि पोलीस विषयाचे संग्राहक संचासाठीच येतात. काही विकायचं झालंच तर वेगवेगळं विकू नका. कोल्टच्या अर्काइव्हमधून (जुन्या नोंदींच्या विभागातून) पैसे भरून पत्र मागवता येतं, त्यात ते कारखान्यातून कधी आणि कुणाकडे गेलं ते येतं. थेट पोलीस खात्याकडे गेलं असं आलं तर फारच छान.

होल्स्टरमधून मात्र आजच बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं, खालच्या बाजूला गंजाचे ठिपके पडतात आणि एकदा खड्डा पडला की तो कायमचा. पातळ तेलाचा हात मऊ कापडाने फिरवा, होल्स्टर शेजारी वेगळं ठेवा.

भाव विचारलात तर तुम्ही लिहिलंय तशा अवस्थेतल्या एकट्या रिव्हॉल्व्हरला माझ्या अंदाजाने चारशे ते सहाशे डॉलर, संचाला त्याहून बरंच वर. दोनशे हा दुकानदाराचा स्वतःचा नफा धरूनसुद्धा कमी आहे. वाटणीसाठी विकत घेणाऱ्या माणसाचा आकडा धरूच नका, जो विकत घेणार नाही अशा अप्रेझरकडून फी देऊन लेखी मूल्यांकन घ्या आणि दोन्ही भावांना एकदमच दाखवा.

मुक्ता_पिट्सबर्ग
होल्स्टरमधून काढलं. खालच्या बाजूला दोन बारीक ठिपके आहेत, बाकी साफ. अप्रेझरची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतलीय, पत्र आणि फोटोही घेऊन जाऊ.