स्वतःच्या भाषेत गाणारे बँड : सध्या काय ऐकत आहात आणि काय सुचवाल?

उतरती_सांज (बदलापूर)

गेले तीन-साडेतीन महिने संध्याकाळच्या लोकलमध्ये मी जवळजवळ एकच बँड ऐकते आहे, तो म्हणजे दिल्लीचा ‘इंडियन ओशन’. हा बँड १९९० पासून गातो आहे आणि मी त्याच्याकडे इतक्या उशिरा वळले याची रुखरुख वाटते. पण आता याच वाटेने पुढे काय ऐकावे, हे येथील जाणकारांना विचारावे असे मनात आले.

माझे कान भजनावर घडले आहेत. वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यामुळे गाणे म्हटले की रूपाच्या अभंगाने शांतपणे सुरू होणारी, टाळकऱ्यांच्या साथीने चढत जाणारी आणि शेवटी गजरात विरघळणारी लयच डोळ्यांसमोर येते. गिटार आणि ड्रम यांच्या संगीतात ती कधी सापडेल असे मला वाटले नव्हते. ‘कांदिसा’ या २००० सालच्या अल्बमचे शीर्षकगीत ऐकले आणि हा समज गेला. हे गीत म्हणजे केरळमधल्या सीरियन ख्रिस्ती समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली प्रार्थना आहे. तिचे शब्द अगदी मोजके आहेत आणि तेच पुन्हा पुन्हा येतात, पण प्रत्येक वेळी ते थोड्या वरच्या पायरीवरून म्हटल्यासारखे वाटतात.

दिवाळीत गावी गेले तेव्हा वडिलांना ते ऐकवले. आधी मोबाइलवरच लावले, तर त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही, कारण त्या इवल्याशा स्पीकरमधून बेस गिटारचे खर्जातले स्वर बाहेर पडतच नव्हते. मग भावाचा मोठा हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. थोड्या वेळाने त्यांची बोटे मांडीवर पडू लागली, मग पंजा, आणि गीत चढले तसा दुसरा हातही आला. संपल्यावर त्यांनी विचारले, “हे कोणत्या देवाचं भजन?” शब्द एकही कळलेला नव्हता.

या बँडमधले असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवताच गात असत. त्यामुळे शब्दांची फेक आणि ठेका एकमेकांत असे गुंतलेले असतात की कोणी कोणाची साथ केली हे सांगता येत नाही. डिसेंबर २००९ मध्ये ते गेले. त्याच अल्बममधले ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठच्या लोकगीतावर उभे आहे. बेस वाजवणारे राहुल राम यांनी नर्मदा बचाव आंदोलनात प्रत्यक्ष काम केले होते आणि ती नदी आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांच्या पायथ्यानेही वाहते, म्हणून ते गीत मला विशेष जवळचे वाटते. कोणाला सुरुवात करायची असेल तर आधी ‘कांदिसा’, मग २००३ चा ‘झीनी’ आणि नंतर प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झालेला १९९७ चा ‘डेझर्ट रेन’, असा क्रम मी सुचवेन.

आता माझी विचारणा. स्वतःच्या भाषेत गाणारे आणि स्वतःच्या मातीतल्या गाण्याला धरून असणारे आणखी कोणते बँड ऐकावेत? जुन्या चालीखाली ड्रमचा ठोका घालून ‘फ्यूजन’ म्हणून विकले जाणारे संगीत मला नको आहे. माझी कसोटी अशी, की सगळी वाद्ये काढून घेतली तरी चाल आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे.

मलप्रभा (बेळगाव)

उतरती_सांजताई, आपल्या कसोटीला उतरेल असे एक नाव सांगतो : ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’. रघू दीक्षित यांचा जन्म नाशिकचा, पण ते वाढले म्हैसूरला. भरतनाट्यम शिकलेला हा गायक लुंगी नेसून, पायांत घुंगरू बांधून रंगमंचावर येतो आणि मोकळ्या, खणखणीत आवाजात गातो. त्यांची हिंदी गीतेही आहेत, परंतु मी आग्रह धरीन तो शिशुनाळ शरीफ यांच्या कन्नड पदांचा.

आमच्याकडे ही पदे कानांवर पडतच माणूस मोठा होतो, पण महाराष्ट्रात शरीफ यांचे नाव फारसे पोहोचलेले दिसत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १८१९ ते १८८९ हा त्यांचा काळ. गाव शिशुनाळ, म्हणजे आजच्या हावेरी जिल्ह्यातले. जन्माने ते मुसलमान आणि त्यांचे गुरू गोविंद भट्ट ब्राह्मण होते. त्यांच्या पदांना ‘तत्त्वपदे’ म्हणतात, आणि नाथांची भारुडे ज्याने ऐकली आहेत त्याला त्यांची रीत लगेच ओळखू येईल. नाथ ज्याप्रमाणे विंचू चावल्याचे निमित्त करून काम-क्रोधाबद्दल सांगतात, त्याप्रमाणे शरीफ घरातली गळकी कौले, गुडगुडी, दळण अशा रोजच्या गोष्टी हातात घेऊन देहाबद्दल आणि मनाबद्दल बोलतात. ‘गुडुगुडिया सेदि नोडो’ या पदात तर गुडगुडी ओढून बघ, असेच सांगितले आहे. वरवर तंबाखूचे आमंत्रण वाटते आणि दोन कडव्यांनंतर लक्षात येते की गुडगुडी म्हणजे हा देहच आहे.

हे पद रघू दीक्षित यांच्या २००८ च्या पहिल्या अल्बममध्ये आहे आणि ‘लोकद काळजी’ हे दुसरे पद २०१३ च्या ‘जग चंगा’मध्ये आहे. दोन्हींमध्ये गिटार भरपूर आहे, व्हायोलिन आहे, ड्रम आहेत. मात्र आमच्या गल्लीतले म्हातारे नुसत्या एकतारीवर ही पदे म्हणत तेव्हाही ती तितकीच उभी राहत, हे मी स्वतः ऐकलेले आहे. कन्नड येत नसेल तर आधी कोणाकडून तरी पदाचा अर्थ समजून घ्यावा आणि मगच ऐकावे. भारुडाचा अर्थ कळला नाही तर नुसता ठेका उरतो, तसेच येथेही होते.

गंगेकाठचा_मराठी (कोलकाता)

नोकरीनिमित्त मी येथे अकरा वर्षे आहे आणि या शहराने मला दिलेल्या गोष्टींत ‘मोहिनेर घोडागुली’ हे नाव फार वर लिहीन. १९७५ मध्ये गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांनी हा बँड उभा केला. नावाचा अर्थ ‘महीनचे घोडे’; ते जीवनानंद दास यांच्या एका कवितेतून घेतलेले आहे. बाउल या बंगालमधल्या भटक्या साधू-गायकांचे गाणे, जॅझ, पाश्चात्त्य लोकसंगीत आणि शहरातल्या तरुणाची तगमग हे सगळे त्यांनी बंगालीत एकत्र आणले, तेही अशा काळात की बंगाली गाण्यात असे काही चालेल यावर कोणाचाच विश्वास नव्हता. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या फारशा खपल्या नाहीत, आणि बँड विखुरला.

यापुढची गोष्ट मला अधिक हृद्य वाटते. १९९५ मध्ये गौतमबाबूंनी नव्या पिढीच्या गायक-वादकांना हाताशी धरून ‘आबार बछर कुडि परे’, म्हणजे ‘पुन्हा वीस वर्षांनी’, हा संग्रह काढला आणि तेव्हा कुठे ही गाणी घराघरांत गेली. चार वर्षांनी, १९९९ मध्ये, ते वारले. त्या संग्रहमालेतल्या ‘पृथिवीटा नाकि’ या गीताची चाल २००६ मध्ये एका हिंदी चित्रपटगीतातून देशभर वाजली, त्यामुळे ती आपण नकळत गुणगुणलीही असेल. मराठी माणसाला या गीतांतले निम्मे शब्द तत्सम असल्यामुळे डोळ्यांनी वाचून कळतात, उच्चार मात्र कानाला नवे वाटतात. म्हणून पहिल्यांदा ऐकताना शब्द समोर ठेवावेत.

ओलेत्या_वाटा (कोची)

केरळमधला ‘अवियल’ हा बँड जरूर ऐका. त्याच नावाचा त्यांचा २००८ चा अल्बम मिळवा आणि ‘नडा नडा’पासून सुरुवात करा. अवियल म्हणजे ओले खोबरे आणि दही घातलेली, अनेक भाज्यांची एकत्र भाजी; आपल्या ऋषिपंचमीच्या भाजीची दूरची बहीणच म्हणा ना. या बँडचे गिटार बरेच कडक आहे, तेव्हा आपल्या वडिलांना ऐकवण्याआधी आवाज जरा बेताचा ठेवावा. मल्याळम लोकगीतांची ठसठशीत, तुटक लय अशा गिटारवर इतकी चपखल बसते हे मला येथे येईपर्यंत माहीत नव्हते.

खर्ज_षड्ज (पुणे)

सुचवण्या उत्तम आहेत, परंतु मूळ कसोटीविषयी मला वेगळे मत मांडायचे आहे. वाद्ये काढून घेतल्यावरही चाल उभी राहावी, ही अपेक्षा पदाला, अभंगाला, भावगीताला शोभते. बँडला ती लावणे मला योग्य वाटत नाही. चार माणसे एकत्र येऊन वाजवतात तेव्हा त्यांतला एक उठून गेला तर काहीतरी कोसळले पाहिजे. तसे कोसळत नसेल, तर तो माणूस तेथे कशासाठी बसला होता?

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे ‘शक्ती’. या वाद्यवृंदात शब्द नव्हते, त्यामुळे तो आपल्या विचारणेच्या थोडा बाहेर पडतो, पण भाषा नव्हती असे मी म्हणणार नाही. रागाची आणि तालाची भाषा होतीच. जॉन मॅकलॉफलिन यांची गिटार, एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम, म्हणजे हातांनी वाजवायचे मातीचे मडके. ड्रम नाहीत, बेस गिटार नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका महाविद्यालयात झालेली त्यांची मैफल १९७६ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून निघाली आणि पाठोपाठ ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ व ‘नॅचरल एलिमेंट्स’ आल्या.

मॅकलॉफलिन यांच्या गिटारकडे जरा जवळून पाहावे. नेहमीच्या गिटारच्या मानेवर पडद्यांच्या मधली पट्टी सपाट असते, म्हणून तार फार तर बाजूला ओढता येते. त्यांनी ती पट्टी दोन पडद्यांच्या मध्ये खोलगट कोरून घेतली, त्यामुळे तार खालीही दाबता येऊ लागली आणि वीणेसारखी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) व गमक (स्वराला दिलेला झोका) निघू लागली. शिवाय मुख्य तारांच्या खालून सात जादा तारा तिरप्या बसवून घेतल्या, त्यांवर मधूनच हात फिरवला की सतारीच्या चिकारीच्या तारांसारखी मागे रेंगाळणारी आस मिळते. ज्याने आपले वाद्य कोरून घेतले त्याने वरवरची मिसळ करायची नाही असे ठरवले होते, हे मला यातून दिसते. ‘फ्यूजन’ या शब्दाचा कंटाळा मलाही आहे, परंतु वाईट नमुन्यांमुळे हा प्रयत्नच नाकारू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

१९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने मंडळी पुन्हा जमली, पुढे यू. श्रीनिवास यांचे मेंडोलिन आणि शंकर महादेवन यांचा आवाज त्यांत आला. महादेवन यांना श्रीनिवास खळे यांची तालीम मिळालेली आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. २०२३ च्या ‘धिस मोमेंट’ला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले. मी तो अल्बम अजून सलग ऐकू शकलेलो नाही.

वाळूतली_पावले (ल्यों, फ्रान्स)

स्वतःची भाषा आणि स्वतःची माती म्हणता आहात, तर सहारा वाळवंटातल्या ‘तिनारिवेन’चे नाव येथे यायलाच हवे. हे तुआरेग समाजातले लोक तमाशेक भाषेत गातात आणि बँडच्या नावाचा अर्थ ‘वाळवंटे’ असाच होतो. संस्थापक इब्राहिम अग अलहबीब लहान असताना, १९६३ च्या मालीतल्या उठावात, त्यांच्या वडिलांना ठार मारण्यात आले. पुढे निर्वासित म्हणून वाढताना त्यांनी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांपासून आपली पहिली गिटार बनवली.

अल्जीरियातल्या तामनरासेत येथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हा बँड आकाराला आला. तेव्हा त्यांची गाणी दुकानांतून विकत मिळत नसत. कोणीतरी कोरी कॅसेट आणून द्यायची, त्यावर गाणी भरून घ्यायची आणि मग तिच्या प्रतींवर प्रती होत ती तळांतळांतून फिरायची. माझ्या आजोळी, मराठवाड्यात, भीमगीतांच्या कॅसेट अशाच एका घरातून दुसऱ्या घरात जात आणि फीत ताणली जाऊन आवाज घोगरा होईपर्यंत वाजत, त्यामुळे हे वाचले तेव्हा मला अगदी ओळखीचे वाटले.

२०११ चा ‘तासिली’ हा अल्बम त्यांनी वाळवंटातच ध्वनिमुद्रित केला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळाले. त्यात टाळ्या आहेत, साध्या गिटारी आहेत आणि मुख्य गायकामागून सर्वांनी मिळून म्हटलेली ओळ आहे. उतरती_सांजताईंच्या वडिलांना हा ओळ झेलण्याचा प्रकार परका वाटणार नाही. कसोटीच्या वादात मी खर्ज_षड्ज यांच्या बाजूने आहे, कारण तिनारिवेनमधल्या टाळ्या काढल्या तर त्या गाण्याची चालच थांबते.

उतरती_सांज (बदलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. अठरा दिवसांनी लिहिते आहे, कारण यादीतले ऐकून झाल्याशिवाय उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

शरीफ यांची पदे मला एकदम भावली. गुडगुडीच्या पदाचा अर्थ कार्यालयातल्या धारवाडच्या मैत्रिणीकडून जेवणाच्या सुट्टीत ओळ-ओळ समजून घेतला आणि परतीच्या गाडीत ते चार वेळा ऐकले. ‘मोहिनेर घोडागुली’ अजून हळूहळू उलगडत आहे. ‘अवियल’ मात्र माझ्यासाठी जरा जड गेला, त्याबद्दल ओलेत्या_वाटा यांनी राग मानू नये. भावाने तो माझ्याकडून कायमचा मागून घेतला आहे. ‘तासिली’ रात्री उशिरा ऐकण्याचा आहे, गाडीच्या गोंगाटात त्यातल्या टाळ्या हरवतात.

कसोटीबद्दल खर्ज_षड्ज यांचे म्हणणे मला पटले. चाल एकट्याने उभी राहावी असे मी लिहिले तेव्हा माझ्या मनात अभंग होता, आणि भजनात तरी पखवाज उठून गेला तर काय उरते, हा विचार मी, पखवाजवाल्याच्या मुलीने, करायला हवा होता. परवा वडील येथे आले होते. त्यांना ‘शक्ती’ची पहिली ध्वनिमुद्रिका हेडफोनवर लावून दिली. गिटारच्या वेगाचे त्यांना फार कौतुक वाटले नाही. तबला आणि घटम यांची सवाल-जबाबासारखी देवघेव आली तसे ते ताठ बसले, हेडफोन काढून म्हणाले, “हे मडकं पुन्हा मागनं लाव,” आणि तेवढाच भाग त्यांनी तीनदा ऐकला.

तेव्हा आता विचारणा थोडी बदलते. ज्यात चर्मवाद्ये किंवा मातीची वाद्ये मागे साथीला नसून पुढे बसलेली आहेत, असे आणखी काय सुचवाल? वडील महिनाअखेरीपर्यंत येथे आहेत.