मदत हवी आहे: जिन्यासारखा आलेख येणाऱ्या फलनाला नाव काय? (अर्जंट)

संत्राबर्फी: उद्या प्रोजेक्ट जमा करायचा आहे. पार्किंगच्या पैशांचं फलन घेतलंय. सरांनी लाल पेनाने लिहिलं, 'नाव? व्याख्या?' याला स्टेप म्हणू की पीसवाईज? सूत्रही पाहिजे. लवकर सांगा, लेक्चर नको.

धरमपेठी: दर तर सांग ना बाप्पा.

उन्हाळी_भाऊ: नागपुरात बर्डीच्या बाजारात गाडी लावायला जागा मिळाली हेच लय झालं, फलन कशाला पाहिजे?

संत्राबर्फी: पहिल्या २ तासांचे २० रुपये, पुढे तासाला १०.

शून्यभागिले: पुढचा तास अर्धाच झाला तर ५ की १०? ५ असतील तर ती तिरपी रेघ झाली, पायरी नाही.

संत्राबर्फी: १०च ना! हे काय सांगायला पाहिजे?

शून्यभागिले: व्याख्येत तेच तर सांगायचं असतं. तुकड्यातुकड्यांनी मांडलेलं कुठलंही फलन पीसवाईज. केवलमूल्यसुद्धा (उणे चिन्ह काढून टाकणारं). प्रत्येक तुकड्यात किंमत स्थिर असेल तरच स्टेप. तुझं स्टेप आहे. तास म्हणजे त, आणि डोमेन (त च्या चालणाऱ्या किंमती) ० < त ≤ २४ लिही, म्हणजे पायऱ्या मोजक्याच राहतील.
त ≤ २ असेल तर २०
त > २ असेल तर २० + १० × सीलिंग(त − २); सीलिंग म्हणजे अपूर्णांक आला की लगेच वरचा पूर्णांक घेणं

धरमपेठी: सीलिंग काहून? महत्तम पूर्णांक फलन घे, चौकटी कंसातल्या संख्येपेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक: २० + १० × [त − १]. सगळ्यांना येतं.

शून्यभागिले: बरोबर ३ तासांना तुमचे ४० होतात, पाहिजेत ३०. चौकटी कंसच हवा तर सीलिंगच्या जागी −[२ − त] टाका. फक्त [−०.५] म्हणजे −१ हे ध्यानात ठेवा. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं इंट दशांश नुसता कापतं, म्हणून तिथे ० देतं. फ्लोअर (म्हणजे हाच चौकटी कंस) आणि सीलिंग ही नावं संगणकशास्त्रज्ञ केनेथ आयव्हरसनने १९६२ मध्ये दिली, कालची नाहीत.

एक्सेलभाऊ: सीलिंगच्या जागी एक्सेलमधलं राउंडअप टाका, विषय संपला.

इलेक्ट्रिकलवाला: हेविसाइडचं युनिट स्टेप विसरले का सगळे? थोडक्यात 'हे': कंसातली संख्या उणे असेल तर ०, धन असेल तर १. २० मध्ये १० × हे(त − २), १० × हे(त − ३) असं मिळवत जायचं, २३ पर्यंत.

शून्यभागिले: आणि हे(०) किती? कोणी ० घेतं, कोणी १, कोणी अर्धा. इथे ० न घेतल्यास बरोबर २ तासांनाच जास्तीचे पैसे कापाल.

गृहिणी_नागपूर: लाईटबिलाचे स्लॅब पण असेच ना? कूलर लावला की उडीच मारतं.

इलेक्ट्रिकलवाला: ताई, दर पायरीने चढतो, बिल नाही. वरचा दर वरच्याच युनिटांना लागतो. बिलाची रेघ न तुटता फक्त जास्त तिरपी होते.

संत्राबर्फी: लाईटबिल राहू द्या हो. आलेखात पायऱ्या उभ्या रेघेने जोडू ना?

शून्यभागिले: मुळीच नको. २ तासांवर २० ला भरीव ठिपका, ३० ला पोकळ (म्हणजे ती किंमत तिथे धरायची नाही). उभी रेघ मारलीस तर एका वेळेला अनेक किंमती, म्हणजे फलनच उरत नाही.

संत्राबर्फी: ओके. फलनाला 'फ' म्हणू की 'शुल्क'?

एक्सेलभाऊ: पहिल्या २ तासांसाठी मॅक्स (दोहोंतली मोठी संख्या घेणारं) पण लावा, नाहीतर राउंडअप उणे देईल.