टर्की पक्ष्याच्या शिकारीच्या शॉटगनला दीडशे डॉलरच्या वरचा रेड डॉट कशाला?

ओझार्ककर

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या शिकारी मंडळींत एकच चर्चा: टर्कीसाठी शॉटगनवर कुठला रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरायला लावणारी साइट, चढवू? आणि सल्ले सुरूच होतात सव्वादोनशे डॉलरपासून. माझं मत सरळ आहे. साइटवर दीडशेच्या वर खर्च करू नका. उरलेले पैसे ती नीट बसवण्यात आणि काडतुसांत घाला.

हिशेब बघा. टर्कीवर नेम धरायचा तो डोक्या-मानेवर, अंतर २० ते ४० यार्ड. एमओए हे कोनाचं माप; १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर एक इंचाहून किंचित जास्त, म्हणून ४० यार्डांवर ०.४२ इंच. ३ एमओएचा ठिपका तिथे सव्वा इंच झाकतो. एवढ्या अंतरावर महागड्या काचेची करामत दिसणार तरी कुठे?

माझी निवड दोनच. बुशनेल टीआरएस-२५: बंद नळी, ३ एमओए, सीआर२०३२ सेल, शंभराच्या आसपास. नाहीतर सिग रोमिओ५: २ एमओए, हललं की आपोआप जागी होते, सवलतीचा सेल लागला की सव्वाशे-दीडशेत मिळते. दोन्ही चहूबाजूंनी बंद असल्याने पहाटेचं दव आणि झाडावरून पडणारा कचरा दिव्यापर्यंत पोचत नाही.

स्वस्त म्हणजे वाटेल ते मात्र नाही. चाळीस डॉलरच्या बेनामी साइट्स .२२ च्या हलक्या रायफलच्या किंवा एअरसॉफ्टच्या खेळण्यातल्या बंदुकीच्या लायकीच्या. १२ गेजच्या (गेज म्हणजे शॉटगनच्या नळीचं माप) साडेतीन इंची काडतुसाचा धक्का .३०-०६ रायफलच्या दुपटीहून जास्त असतो. त्यात सेलची पत्ती सैल होते, ठिपका मिणमिणतो, आणि नेम न सांगता सरकतो.

माशीवाला

दीडशे तरी कशाला घालवायचे? नळीवरच्या पट्टीला बसणारी फायबर ऑप्टिकची जोडी घ्या, पुढे माशी (नळीच्या टोकाचा नेमाचा मणी), मागे खाच. विल्यम्स, ट्रुग्लो दोघांकडेही आहेत, पन्नासच्या आसपास काम होतं. मागची खाच वर-खाली, डावी-उजवी सरकते. सेल संपायचा प्रश्न नाही, काच धुरकटायचा प्रश्न नाही, आणि नळीला लगटून असल्याने गाल दस्त्यावरच राहतो. तुमचा रेड डॉट रेलवर, म्हणजे साइट बसवायच्या खाचांच्या बैठकीवर, चढवला की गाल हवेत, मग वर गालाखाली फोमची उशी बांधा. आधी दुखणं विकत घ्यायचं, मग औषध!

सुमेधा_ओहायो

माशीवाले, चाळिशी लागेपर्यंत तुमचं म्हणणं ठीक. त्यानंतर खाच, माशी आणि पक्ष्याचं डोकं या तीन अंतरांवर डोळा एका वेळी स्थिरावत नाही. काहीतरी एक धूसरच राहतं. रेड डॉटमध्ये नजर पक्ष्यावर ठेवायची, ठिपका त्यावर तरंगतो.

पण खरा मुद्दा बसण्याचा आहे. उजव्या हाताचा नेमबाज झाडाला पाठ लावून, डावा खांदा नर टर्की येईल त्या दिशेला करून बसतो. नर उजवीकडून आला की कंबर वळत नाही आणि गाल दस्त्यावर अर्धाच टेकतो. नुसत्या माशीवर नेम असेल तर डोळ्यापासून माशी साधारण ३६ इंचांवर. डोकं पाव इंच जरी उठलं तरी ४० यार्डांवर बार दहाएक इंच वरून जातो. खाच असली तर चूक दिसते, हे मान्य. पण ती जुळवायला मान तेवढीच खाली न्यावी लागते, आणि ५० फुटांवर नर उभा असताना ती हालचाल त्याला दिसते. रेड डॉटमध्ये ठिपका खिडकीच्या काठावर गेला तरी चूक फार तर अर्ध्या इंचाची.

आता ओझार्ककर, तुमच्याशी भांडण. नळीच्या आकाराची साइट म्हणजे छोटी खिडकी, जाड कडा आणि वजन. रोमिओ५ पाच औंसांची, तर व्हॉर्टेक्स व्हेनम किंवा बर्रिस फास्टफायर ३ या उघड्या, बिननळीच्या साइट्स एक औंसाच्या आसपास. हलकी साइट धक्क्यात स्क्रूंवर कमी ओढ देते. उंचीही कमी. जास्तीचे ऐंशी-नव्वद डॉलर त्यासाठी आहेत, काचेच्या कौतुकासाठी नाहीत.

ओझार्ककर

उघड्या साइटची खिडकी मोठी, कबूल. पण तिचा दिवा तळाच्या खळग्यात असतो. तिथे पावसाचा एक थेंब किंवा सालीचा तुकडा पडला की ठिपक्याच्या जागी फुलबाजी दिसते. टर्कीचा हंगाम म्हणजे वसंतातला पाऊस. फुंकर मारून ते जात नाही, कापसाची काडी लागते, आणि नर समोर असताना कापसाची काडी कोण काढणार?

नटबोल्ट

कुठली साइट यावर तुम्ही भांडत राहा. नेम चुकतो तो नव्वद टक्के वेळा साइटखालच्या लोखंडामुळे. त्यावर कुणी बोलत नाही म्हणून लांबलचक लिहितो.

उदाहरणाला मॉसबर्ग ५०० ही शॉटगन घ्या. बहुतेकांच्या रिसीव्हरवर (नळीमागच्या मुख्य सांगाड्यावर) भोकं पाडून आटे मारलेले असतात. जुन्या रेमिंग्टन ८७० वर ते नसतातच, तिथे गनस्मिथ गाठा. ५०० चं रिसीव्हर अॅल्युमिनियमचं, ८७० चं पोलादी. अॅल्युमिनियममध्ये जोर लावून पिळलं की आटे जातात. टॉर्कचा (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) पाना नसेल तर उसना आणा. रेलच्या स्क्रूंना १५ इंच-पौंडांच्या आसपास पुरतं, आणि रेलवाल्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

क्रम असा. भोकांत भरलेले छोटे स्क्रू काढा. भोकं आणि नवे स्क्रू अल्कोहोलने पुसा; तेलाचा अंश राहिला तर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) धरत नाही. कोरडेच स्क्रू लावून बंदुकीचा बोल्ट (आतला सरकता भाग) पुढे-मागे करून बघा. पुढचा स्क्रू लांब असेल तर तो आत डोकावतो आणि बोल्टला घासतो, पंप (नळीखालची सरकती मूठ) अडकतो. लोकांना वाटतं बंदूक बिघडली. अर्धा-एक मिलिमीटर घासून काढला की काम होतं. मग निळा थ्रेडलॉकर, एक थेंब. लाल लावलात तर काढताना उष्णता द्यावी लागेल. एक दिवस वाळू द्या. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून रेलवर रंगाच्या पेनाने एक रेघ ओढा. दहा बारांनंतर रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरला.

रेलवर साइट बसवताना तिचा आडवा दांडा खाचेत पुढच्या भिंतीला टेकवून मगच आवळा. मधे फट राहिली तर पहिल्या दोन बारांत साइट सरकून टेकते, आणि तुम्ही क्लिक मोजत बसता.

माशीवाला

एवढा खटाटोप वाचून माझं मत आणखी पक्कं झालं.

सुमेधा_ओहायो

नटबोल्ट, भोकं नसतील तर पट्टीला चिमटा मारणारा माउंट चालतो की. उंची कमी, आणि ५०० ची नळी साफसफाईला काढली तरी साइट नळीबरोबरच राहते, त्यामुळे नेमात फरक पडत नाही. रिसीव्हरवरच्या साइटचं तसं नाही. नळी काढून पुन्हा लावली की एक बार कागदावर मारून बघावाच लागतो.

नटबोल्ट

चालतो, पण बघून घ्या. पट्टीची रुंदी बंदुकीगणिक वेगळी, म्हणून कॅलिपरने मोजून मागवा. पातळ पट्टीला जास्त आवळलं तर ती चेपते, कमी आवळलं तर माउंट पुढे घसरतो. तीन इंची काडतुसापर्यंत ठीक, साडेतीन इंचीला मी हा सल्ला देणार नाही.

आणि फुटप्रिंट, म्हणजे साइटच्या तळाच्या भोकांची-खुंट्यांची मांडणी, जुळवा. व्हेनम, व्हॉर्टेक्सचीच व्हायपर आणि फास्टफायर एकाच डॉक्टर (Docter) पद्धतीच्या बैठकीवर बसतात, म्हणजे पुढे साइट बदलली तरी माउंट तोच. होलोसन ४०७सी आरएमआर या वेगळ्या पद्धतीची. मॉसबर्गच्या नव्या, साइटसाठी खाच दिलेल्या टर्की बंदुकांना शील्ड आरएमएससी या तिसऱ्या पद्धतीची साइट लागते. तिथे होलोसन ४०७के सरळ बसेल असं समजून मागवू नका, खुंट्या जुळत नाहीत.

गणिती_गोंधळी

उंचीचा हिशेब कुणी केला नाही, म्हणून करतो. साइट नळीच्या मध्यापासून २ इंच वर आणि नेम ३० यार्डांवर जुळवलेला असेल, तर १० यार्डांवर बार सव्वा इंच खाली लागतो. साइट ३ इंच वर असेल तर पूर्ण २ इंच खाली. अगदी घट्ट चोक (छर्रे एकत्र ठेवणारं नळीचं आवळलेलं तोंड) आणि टंगस्टनचे ९ नंबरचे छर्रे असतील तर १० यार्डांवर सगळा बार लिंबाएवढ्या जागेत जातो. तिथे २ इंच म्हणजे डोक्याऐवजी मान, किंवा नुसती पिसं. रोमिओ५ च्या डब्यात दोन बैठका येतात. उंच बैठक एआर रायफलसाठी असते, ती शॉटगनवर लावू नका. ठेंगणीच लावा.

ठिपक्याच्या आकाराबद्दल: २-३ एमओए की ६-८? ४० यार्डांवर ६ म्हणजे अडीच इंच, ८ म्हणजे जवळपास साडेतीन. मानेसकट डोकं झाकलं जातं. तरीही अंधुक उजेडात मोठा ठिपका पटकन सापडतो, हेही खरं. माझं मत ३ ला. कमी दिसला तर प्रकाश एक पायरी वाढवता येतो. ८ चा ठिपका ३ चा करता येत नाही.

ओझार्ककर

प्रकाशावरून आठवलं. व्हेनम आणि फास्टफायरला स्वयंचलित प्रकाश आहे. ती सोय टर्कीला कुचकामी. सेन्सर तुमच्या जागेवरचा उजेड मोजतो. तुम्ही झाडाखाली गर्द सावलीत आणि नर उन्हातल्या कुरणात, मग ठिपका इतका मंद होतो की उन्हात दिसतच नाही.

सुमेधा_ओहायो

म्हणूनच दोघींत हाताने लावायचीही सोय आहे. झुंजूमुंजूला अगदी मंद ठेवायचा, नाहीतर ठिपका फुलून पक्षी झाकतो. ऊन आलं की वाढवायचा. टीआरएस-२५ ला तर स्वतःहून बंद होणंही नाही. चकती शून्यावर न्यायची विसरलात तर पुढच्या शनिवारी काच कोरी. व्हेनम १४ तासांनी स्वतः बंद होते आणि तिचा सेल वरून बदलता येतो, नेम हलत नाही. व्हॉर्टेक्सचीच व्हायपर घेऊ नका, तिचा सेल खालून आहे. सेल बदलायला साइट काढा, मग पुन्हा नेम जुळवा.

सिलेंडरवाला

चष्म्याला सिलेंडरचा नंबर असलेल्यांनी एक करावं. दुकानात ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसला तर साइट परत करण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. तिथे गोल दिसला तर दोष डोळ्याचा आहे. मग चष्मा लावून बघा, प्रकाश कमी करून बघा, हिरवा ठिपका बघा. तरी फाटलेलाच दिसला तर रेड डॉटचा नाद सोडा आणि काचेवर खूण कोरलेली प्रिझम साइट घ्या. ती महाग आणि जड, शिवाय डोळा ठराविक अंतरावरच ठेवावा लागतो. माझ्या मते अशांना माशीवाल्यांचा सल्लाच बरा.

माशीवाला

वा! एक मत तरी मिळालं. पण हिरव्या ठिपक्याचं जपून. एप्रिल-मेच्या कोवळ्या पालवीवर हिरवा ठिपका हरवतो. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या डोळ्यांना मात्र लाल ठिपकाच अंधुक दिसतो, त्यांचा प्रश्न वेगळा.

नियमपाल

नवख्यांसाठी. एच-१बी वर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगण्यावर बंदी आहे; चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते, हे बरेच जण विसरतात. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. राज्याचे नियम याहून कडक असू शकतात. छर्ऱ्यांचा आकार आणि साइटबद्दलचे नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाचा, मित्राच्या तोंडून ऐकलेले धरू नका. आणि लाल, पांढरा, निळा कपडा अंगावर नको, रुमालसुद्धा; नराच्या डोक्याचे रंग तेच, आणि झाडीत दुसरा शिकारी असतो.

नटबोल्ट

नेम जुळवण्याची पद्धत देतो. तीन फूट रुंद कागद, २० यार्ड, बंदूक वाळूच्या पिशवीवर, आणि साधी साडेसात नंबरची स्वस्त काडतुसं. २० यार्डांवर १ एमओएची एक क्लिक म्हणजे ०.२ इंच, तेव्हा बार ३ इंच डावीकडे असेल तर १४-१५ क्लिक उजवीकडे. हे फक्त कागदावर येण्यापुरतं. मग जी काडतुसं रानात नेणार तीच आणि तोच चोक लावून ४० यार्डांवर जा. स्वस्त आणि टंगस्टनच्या काडतुसांचे बार वेगळ्या जागी लागतात. टंगस्टनचा पाच काडतुसांचा डबा पन्नास डॉलरच्या पुढे जातो, म्हणून सुरुवातीला ती जाळू नका.

एका बारावर क्लिक फिरवू नका, निदान दोन-तीन कागद मारा. छर्रे जिथे सर्वांत दाट पडलेत तिथे मध्य धरून दहा इंची वर्तुळ काढा आणि मोजा. वर्तुळात शंभर छर्रे हा जुना मापदंड आहे. तेवढे भरत नसतील तर साइटला दोष देऊ नका. चोक बदला, काडतूस बदला किंवा अंतर कमी करा. चोक बदललात तर नेम पुन्हा तपासायचा.

ओझार्ककर

म्हणजे बघा, सव्वादोनशेच्या आसपास: शंभराची साइट, चाळीसची रेल, पंधराची गालाची उशी, आणि उरलेल्यात टंगस्टनचा एक डबा आणि स्वस्त काडतुसांचे दोन. सुमेधाताईंच्या व्हेनमला एवढ्यात डबा येत नाही.

सुमेधा_ओहायो

येतो, वापरलेली घेतली तर. व्हॉर्टेक्सची हमी साइटबरोबर जाते, पावती लागत नाही. हंगाम संपल्यावर जूनमध्ये बघा, भाव उतरलेले असतात. घेताना सेल घालून साइट तळहातावर जोरात आपटा. ठिपका लुकलुकला तर परत द्या.